विचारलं तेवढंच

"घरी पाहुणे आले तर पाणी विचारून देता, की न विचारता?"

माझ्या मुलाखतीत सरांनी विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि शेवटचाही. आईच्या गुडघ्यांचं निमित्त सांगून मी पुण्यातली नोकरी सोडली होती आणि सोलापूरला परत आले होते. फाईलमध्ये सहा प्रमाणपत्रं होती आणि डोक्यात आठवडाभर घोकलेली उत्तरं. त्यात पाण्याचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "पाणी न विचारता. चहा विचारून." सरांनी चष्मा पुसला, मालकांकडे वळून "उद्यापासून येऊ द्या" म्हणाले आणि उठून आपल्या जागेवर जाऊन बसले. माझी प्रमाणपत्रं तिथं कुणी कधी उघडली नाहीत.

तो प्रश्न डेटाबेसचा होता हे मला चार महिन्यांनी कळलं. काही माहिती अशी असते, की कुणी मागो न मागो, ती सोबत आणायचीच. नाव, गाव, वय. हे पाणी. बाकीची माहिती कुणी मागितली तरच उठून आत जायचं आणि घेऊन यायची. हा चहा. आमच्या धंद्यात याला लेझी लोडिंग म्हणतात. नाव आळशी असलं तरी पद्धत शहाणपणाची आहे, कारण दारात येईल त्याच्यासाठी चहा टाकत बसलं तर गॅस किती दिवस पुरणार. सरांना ही पद्धत आवडायची असं म्हटलं तर ते कमी पडेल. सर त्या पद्धतीनंच घडलेले होते.

आमचं ऑफिस अशोक चौकाच्या पुढं, एका टॉवेलच्या दुकानाच्या वर. मालक, सर आणि मी, एवढीच कंपनी. मालकांनी दारावरच्या पाटीत 'टेक्नॉलॉजीज' असं अनेकवचन लिहिलं होतं. त्यातल्या निदान दोन तरी सर एकट्यानं सांभाळत. वय पंचेचाळिशीच्या पुढं, अंगात कायम पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात एक पेन. ते पेन लिहितं का, हे मी एकदा विचारलं होतं. "नाही," सर म्हणाले. मग का ठेवता, असं मी विचारलं नाही, म्हणून ते मला अजून माहीत नाही.

एप्रिलमधली गोष्ट. सकाळी दहाला सगळे कॉम्प्युटर एकदम बंद झाले, पंखे थांबले. खाली दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, आज दिवसभर दुरुस्ती आहे, काल वीज कंपनीचा माणूस वर कागद देऊन गेला की. मालक सरांकडे वळले.

"सर, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाही ओ?"

"कुणी विचारलं नाही."

यात उद्धटपणाचा लवलेश नव्हता. सरांना मनापासून वाटायचं, की ज्याला जे हवं असतं ते तो विचारतोच, आणि विचारलं नाही याचा अर्थ त्याला ते नको आहे. एकदा मालकांनी घाईत विचारलं, "सर, त्या दवाखान्याचं काम झालं का?" सर म्हणाले, "झालं." मालकांनी गिऱ्हाईकाला बोलावून घेतलं, खुर्च्या पुसल्या, भजी मागवली. प्रोग्राम सुरूच होईना. "झालं म्हणालात की," मालक दबक्या आवाजात म्हणाले. सर म्हणाले, "झालंय. चालतंय का, असं तुम्ही विचारलं नव्हतं." त्या दिवसापासून मालक सरांना एका दमात सात प्रश्न विचारायला लागले आणि सर सातही उत्तरं ओळीनं द्यायला लागले.

त्यांचा डबा तीन पुडांचा. वहिनी भरून द्यायच्या, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भावाचे घरीच चार माग होते. सर वरचा पूड उघडायचे. त्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ते संपलं आणि भूक राहिली तर दुसरा. तिसऱ्यात काय आहे हे पहिले दोन संपेपर्यंत त्यांना माहीत नसायचं, आणि बहुतेक दिवशी तो तसाच बंद घरी परत जायचा. एकदा मी न राहवून म्हटलं, "सर, खाली गोड असलं तर?" सर म्हणाले, "असेल." मला ते दिवसभर डाचत राहिलं. तिसऱ्या पुडात खरंच काहीतरी असेल आणि हा माणूस ते न बघता घरी जाईल, याचा मला राग यायचा. त्यांना तेलुगू, कन्नड आणि दखनी येते, आणि तबला वाजवता येतो, हे मला दीड वर्षात एकेक करून कळलं. प्रत्येक वेळी मीच विचारलं होतं.

त्या सुमाराला आमच्याकडे मावशींचं काम आलं. मावशी म्हणजे वधूवर मंडळ चालवणाऱ्या बाई. साठीच्या पुढच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बोलताना समोरच्याचं वय, पगार आणि पोटजात डोळ्यांनीच मोजायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हिचं नाव घालू का यात?" मी म्हटलं, मावशी, आधी प्रोग्राम तर होऊ दे. "प्रोग्राम होतोय की. वय थांबत नाही, पोरी," त्या म्हणाल्या.

मावशींच्या तीस वर्षांच्या चौदा वह्या होत्या. डाव्या पानावर मुलामुलीची माहिती, उजव्या पानावर शेरा. शेरा हा मावशींचा खरा जीव. 'वडील तोंडानं गोड, हातानं घट्ट.' 'मुलगा चांगला, आईपुढं शब्द नाही.' 'मोठीचं आधी होऊ द्यावं म्हणतात, पण मोठीला करायचंच नाही.' या शेऱ्यांवरून मावशी कुठलं स्थळ कुणाला दाखवायचं ते ठरवायच्या. उजवं पान आजवर कुणालाही दिसलेलं नव्हतं. मुलाच्या बापाला नाही, मुलीच्या आईला नाही, मावशींच्या स्वतःच्या नवऱ्यालाही नाही. वह्यांना कसर लागली तेव्हा कुठं त्या कॉम्प्युटरला राजी झाल्या. त्यांनी मालकांचं काही ऐकून घेतलं नाही. सरांसमोर बसून विचारलं, "उजवं पान माझ्याशिवाय कुणाला दिसणार नाही ना?"

"नाही," सर म्हणाले.

"शब्द?"

"शब्द."

मग महिनाभर रोज दुपारी आतल्या खोलीचं दार लावून मावशी शेरे वाचायच्या आणि सर टाइप करायचे. दाराबाहेर मी डावी पानं भरत बसायचे. आतून मावशींचा पुटपुटणारा आवाज यायचा, मध्येच खुदकन हसू यायचं. ते हसू सरांचं नसायचं.

आता थोडं धंद्याचं सांगते, कारण माझा गुन्हा त्याशिवाय कळणार नाही. मुलीची एक नोंद म्हणजे एक कपाट समजा. नाव, गाव, शिक्षण, उंची दर्शनी कप्प्यात. आधी आलेली स्थळं आणि मावशींचा शेरा आतल्या कप्प्यांत. आतले कप्पे बंद, त्यांवर नुसती चिठ्ठी. कुणी हात लावला तरच डेटाबेसकडे जाऊन आतला माल आणायचा. ही नोंद मोबाइलवर पाठवायची तर ती जेसन नावाच्या साध्या मजकुरात उतरवावी लागते, आणि ते काम करणारं एक तयार यंत्र मिळतं. या यंत्राला पाणी आणि चहा यातला फरक कळत नाही. ते ओळीनं प्रत्येक कप्प्याला हात लावत जातं, आणि हात लावला की कप्पा बिचारा धावत जाऊन आतलं सगळं घेऊन येतो.

म्हणून सर ते यंत्र थेट कपाटाला लावत नसत. मोबाइलच्या प्रत्येक पडद्यासाठी ते एक वेगळी छोटी नोंद हातानं लिहायचे. तिला ताट म्हणायचे. या पडद्याला नाव, वय आणि गाव हवंय, तर तेवढंच ताटात. यंत्र लावायचं ते ताटाला. "पंगतीत पातेलं न्यायचं नाही, ताट वाढून न्यायचं," असं त्यांनी मला शिकवलं होतं, अर्थात मी विचारल्यावर. एका ताटाला अर्धा दिवस लागायचा. मावशींचे पडदे होते अठरा.

मावशींचा मेळावा रविवारी होता आणि त्याआधी मोबाइलचं ॲप चालू व्हायला हवं होतं. गुरुवारी सकाळी सर भावाच्या मागाचं काहीतरी मोडलं म्हणून आले नाहीत. नऊ ताटं राहिली होती. मी पुण्यात दोन वर्षं काढलेली मुलगी. सरांचं हे वाढपीपण मला आधीपासून जुनाट वाटायचं. म्हटलं, आज आपण दाखवूच. मी यंत्र थेट कपाटाला लावलं.

पहिल्यांदा ते मुलीकडून तिला आलेल्या स्थळाकडे गेलं, तिथून त्या मुलाला आलेल्या दुसऱ्या मुलीकडे, तिथून तिसऱ्या मुलाकडे, आणि असं निम्मा जिल्हा फिरून धापा टाकत बंद पडलं. मी एक ओळ लिहून तो फेरा तोडला. मग दुसरी अडचण आली. शेऱ्याच्या कप्प्याला यंत्रानं हात लावला की चूक यायची. डेटाबेसशी चाललेलं बोलणं संपलंय, आता हा कप्पा उघडता येणार नाही, अशी. खानावळ बंद झाल्यावर जेवण मागितल्यासारखं ते होतं. मी इंटरनेटवर शोधलं. माझ्यासारख्या असंख्य घायकुत्या लोकांना तीच अडचण आली होती आणि उपाय एका ओळीचा होता. उत्तर पूर्ण पाठवून होईपर्यंत डेटाबेसशी बोलणं बंदच करायचं नाही. मी ती ओळ टाकली. चूक गेली. मला वाटलं, नऊ ताटांचं काम मी दोन ओळींत केलं.

चालतंय का ते बघायला मी पहिल्या क्रमांकाची नोंद मागवली. पहिली नोंद निघाली सरांची, चाचणीसाठी डाव्या पानासकट त्यांनी स्वतःच भरलेली. वीस वर्षांपूर्वीची, मावशींच्या जुन्या वहीतली. नाव, गाव, शिक्षण, आणि सगळ्यात खाली, जे माझ्या डोळ्यांना दिसायलाच नको होतं ते: 'मुलगा हुशार, निर्व्यसनी. विचारलं तेवढंच बोलतो. मुलगी म्हणाली, काय विचारावं ते सुचलं नाही. पुन्हा दाखवू नये.'

मी एकटीच मोठ्यानं हसले. हे मावशींनी वाचलं असणार आणि सरांनी स्वतःच्या हातानं टाइप केलं असणार. 'पुन्हा दाखवू नये'सुद्धा, पूर्णविरामासकट. मग जरा वाईट वाटलं. मग पुन्हा हसू आलं. या सगळ्यात मला एवढी एकच गोष्ट सुचली नाही, की मला जर हे दिसतंय तर ते बाहेरही जातंय. अकराला मी ॲप चालू केलं आणि खूश होऊन पोहे खायला खाली गेले.

सर दोनला आले. त्यांना एक सवय होती. कुठलंही नवीन काम चालू झालं की ते आधी बाहेर जाणाऱ्या उत्तराचा आकार बघायचे, बाजारात भाजी घेताना हातात तोलून बघतात तसं. त्यांनी एक उत्तर बघितलं.

"एका मुलीचं एवढं जड?"

मी उत्साहानं सगळं सांगितलं. दोन ओळी, तोडलेला फेरा, घालवलेली चूक. सर ऐकत होते. मग त्यांनी ॲप बंद केलं आणि म्हणाले, "ती चूक नव्हती. तो राखणदार होता. तू त्याला घरी पाठवलंस."

ॲप कुणी कुणी उघडलं त्याच्या नोंदी आम्ही काढल्या. मेळाव्याआधी चाचणी म्हणून मावशींनी ॲप एकाच घरी दिलं होतं, वळसंगच्या एका मुलाला. त्याचं स्थळ जवळजवळ ठरत आलं होतं. त्या तीन तासांत त्यानं एकाच मुलीची माहिती उघडली होती, ज्या मुलीशी ठरत होतं तिची. मुलगी कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीत राहणारी, शहरात एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करणारी. पडद्यावर फक्त नाव, गाव, शिक्षण दिसलं असणार. पण शेरा फोनपर्यंत पोहोचला होता, आणि मुलगा होता आयटीआयमध्ये कॉम्प्युटर शिकवणारा. त्याला उघडून बघायचं असतं तर पाच मिनिटं लागली असती. शेरा असा होता: 'साखरपुडा मोडला, मुलाकडून. मुलीला फिट येते असं कानावर आहे. चांगलं स्थळ दाखवताना विचार करावा.'

मालक आले, त्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. मग हात काढून म्हणाले, "पडद्यावर दिसतंय का बे कुणाला? नाही ना? मावशीला कळणार आहे का? नाही ना? मग झालं तर. दुरुस्त करा आणि तोंड बंद ठेवा." माझ्याकडे बघून म्हणाले, सरांकडे बघितलंसुद्धा नाही. सरांच्या तोंडाबद्दल त्यांना काळजीच नव्हती. खरं सांगते, मलाही नव्हती. मावशींना विचारायचं सुचणारच नव्हतं, आणि न विचारलेलं सर सांगत नसत. माझी नोकरी त्यांच्या त्या स्वभावावर टेकून उभी होती, आणि एवढे दिवस ज्याला हसले त्याचेच मी मनातून आभार मानत होते.

चारला सरांनी लॅपटॉप पिशवीत घातला, चपला घातल्या आणि मला म्हणाले, "चल."

मावशींच्या घरी सर उभ्याउभ्याच सुरू झाले. विचारायला मावशींना अजून तोंडही उघडता आलं नव्हतं. काय झालं, किती वेळ, कुणाच्या फोनवर, कुणाची नोंद, सगळं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही; "आमच्याकडून" एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "माझ्याकडून, मावशी." मावशी खुर्चीत हळूच बसल्या.

"शब्द दिला होता तुम्ही."

"हो."

"मोडला."

"हो."

"मला कळलं असतं का कधी?"

"नाही."

"मग सांगायला कशाला आलात?"

मला वाटलं, आता एका शब्दात काहीतरी येणार. सर म्हणाले, "मावशी, मी आजवर असं धरून चाललो, की ज्याला पाहिजे तो विचारतो. पण त्या मुलीला माहीतच नाही की असं एक पान आहे. ती काय विचारणार? तिचं पान तिच्या नकळत दुसऱ्याच्या घरी गेलंय. तिला सांगायला पाहिजे. तुम्ही बरोबर चला."

एवढं लांब बोलताना मी त्यांना आधी कधी ऐकलं नव्हतं. मावशी खूप चिडल्या. तीस वर्षांचं नाव घालवलं म्हणाल्या, मुलीचं ठरत आलेलं मोडलं तर ते पाप कुणाच्या माथी, म्हणाल्या. पण साडी बदलून रिक्षात बसल्या.

कुंभारीला पोहोचलो तेव्हा मुलगी नुकतीच कामावरून आली होती. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. सर तिच्याशी तेलुगूत बोलायला लागले. तिचे हात चालूच होते, पण बोलणं पुढं गेलं तसे मंदावले आणि थांबले. मग सरांनी मुलीला मराठीत पुन्हा सगळं सांगितलं. मुलगी ओढणीनं तोंड पुसत ऐकत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, "काय लिहिलंय माझ्याबद्दल?"

"पोरी, ते मुलीला दाखवायची पद्धत नाही," मावशी म्हणाल्या.

"वळसंगला गेलंय ते. मला दाखवायची पद्धत नाही व्हय?"

सरांनी लॅपटॉप काढून मांडीवर ठेवला, पण उघडला नाही. "मावशी, शब्द तुम्हाला दिलेला आहे. एकदा मोडलाय. तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी उघडणार नाही."

शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मावशींनी पदरानं मानेवरचा घाम टिपला आणि म्हणाल्या, "उघडा."

मुलीनं वाचलं. पुन्हा वाचलं.

"फिट? मला?"

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"आणि मुलाकडून मोडला? मी मोडला होता. साखरपुड्याच्या दिवशी त्याच्या धाकट्या बहिणीच्या हातून चहा सांडला, माझ्या साडीवर. त्यानं सगळ्यांसमोर तिच्या कानफटात मारली. ती पोरगी रडलीपण नाही, तिला सवय होती. दुसऱ्या दिवशी मी आईला म्हटलं, हितं नाही करायचं." ती मावशींकडे वळली. "हे फिटचं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"त्यांच्याकडच्या बाईनं," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता.

"मला विचारलं का नाही?"

मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या.

"आईला?"

"मला कुनी न्हाई इचारलं," आई म्हणाली. "चार वर्सं झाली. आमी म्हनायचो, रंगामुळं हुत न्हाय."

मला तेव्हा कळलं, की ते पान नुसतं कपाटात बंद नव्हतं. कुणाला न दिसता ते चार वर्षं काम करत होतं. सरांनी ते जिवापाड राखलं, मी ते वेंधळेपणानं सांडलं, आणि मी सांडलं नसतं तर ते आणखी दहा वर्षं तसंच राखलं गेलं असतं. मुलीनं विचारलं, किती स्थळं दाखवली नाहीत. मावशींना पाठ होतं. "आठ," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी मावशींना रडताना कधी बघितलं नव्हतं, आणि मला त्यांचा राग यावा की दया, ते ठरवता येईना.

"मला लिहू द्या," मुलगी म्हणाली.

सरांनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. "जुनं पुसायचं?"

"नको. राहू दे. त्याच्या खाली माझं येऊ दे."

दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत तिनं चार ओळी लिहिल्या. साखरपुडा तिनं मोडला, का मोडला, आणि तिला फिट येत नाही. येत असती तर तिनंच पहिल्या भेटीत सांगितलं असतं. मावशी डोळे पुसून म्हणाल्या, "खाली असंपण लिही, मावशीनं खात्री न करता लिहिलं म्हणून." तिनं तेही लिहिलं. मग लॅपटॉप सरांकडे सरकवला.

"आता पाठवा. वळसंगला."

"किती पाठवू?" सरांनी विचारलं.

"सगळं."

आयुष्यभर एकही कण जास्तीचा वाढू नये म्हणून ताटं लिहीत आलेल्या त्या माणसानं कुंभारीत सतरंजीवर बसून माझ्या त्या दोन ओळी परत घातल्या, त्या एका नोंदीपुरत्या, आणि अख्खं पातेलं उचलून पाठवलं. सोबत मावशींनी त्या मुलाला फोन करून सांगितलं, सगळं उघडून वाच, मग कळव.

त्याचं उत्तर चार दिवसांनी आलं. नकार होता. ॲपमध्ये कारणासाठी एक रकाना आम्हीच ठेवला होता. तो त्यानं रिकामा सोडला होता.

मावशींना तिच्या घरी जाण्याची हिंमत होईना. मालक म्हणाले, मेसेज करा की. सर उठले आणि मीही त्यांच्याबरोबर निघाले. वाटेत मला सारखं वाटत होतं, माझ्या दोन ओळींनी एका मुलीचं लग्न मोडलं, आणि हे मी कुणाला कसं सांगणार. दारात पोहोचलो तशी मुलीनं दोघांना पाणी दिलं. सरांनी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला आणि नकार सांगितला. मी आधीच रडवेली झाले होते. म्हटलं, "माझ्यामुळं झालं ग सगळं. चुकलं माझं."

तिनं रिकामे ग्लास उचलले. वाईट तिलाही वाटलं होतं, ते लपलं नाही. मग म्हणाली, "असू दे की ताई. ह्याच्या आधीचे ते आठ नकार त्या फिट येणाऱ्या मुलीला होते. हा मला आलाय."